डाव्या कडेवरचं नाणं

माझ्या घागऱ्याच्या नेफ्यात गेली एकोणीस वर्षं एक नाणं शिवलेलं आहे. ते ठेवणं गुन्हा आहे. आमच्याकडे दरवर्षी सेंट मार्टिनच्या जत्रेला जुनं नाणं बाद होतं. टांकसाळीच्या फळीवर तीन जुनी ठेवायची, दोन नवी उचलायची आणि तिसऱ्याचं काय झालं ते विचारायचं नाही. जुनं लपवलं तर दंड. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या ओदर नदीकाठाला ठाऊक आहे, तरी हे नाणं मी लपवलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन.

नाणं कसलं, चांदीचा पापुद्रा आहे तो! फुंकर मारली तर उडेल. वाजवून घ्यायची सोयच नाही, कारण वाजायला अंगात जीव हवा. पुढच्या बाजूनं चित्र उठलेलं आणि मागच्या बाजूनं तेच चित्र आत गेलेलं, आरशात दिसावं तसं उलट. चित्रात गादीवर आई आणि लेक शेजारी शेजारी बसलेत, आणि भोवती अक्षरं आहेत. मला अक्षरं येत नाहीत. ज्या बाईनं ती कोरली तिलाही येत नव्हती.

तिचं नाव मिलोख्ना. ती माझी शेजारीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. उंच, हाडापेरानं मोठी, उजव्या अंगठ्याला कायम घट्टा पडलेला. बोलायला कंजूष. लोक म्हणायचे शिष्ट आहे. शिष्ट कसली, तोंडात पोलादी टोचणी धरून दिवसभर बसणारी बाई बोलणार कधी? तिचा बाप वोयस्लाव टांकसाळीचे ठसे कोरायचा. तीन ड्यूकांची नाणी त्याच्या हातची. पण त्याच्या डोळ्यांवर साय आली आणि सहा वर्षांत त्याला दार कुठे आणि भिंत कुठे हे चाचपून कळायला लागलं. साय आली तेव्हापासूनच मिलोख्ना घरात खिडकीशी बसून ठसा कोरायची, आणि बाप तो फडक्यात गुंडाळून काठी टेकत टांकसाळीत नेऊन द्यायचा. बाई टांकसाळीच्या उंबऱ्याच्या आत आली तर चांदी करपते, असं मानतात. चांदी बाईनं कोरलेल्या ठशावर मात्र बिनबोभाट बसायची, करपायची नाही! आमच्या गल्लीत हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. टांकसाळीचा उस्ताद गेर्लाख, तोही जाणून होता. पण त्याला काम वेळेवर मिळत होतं, मग त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

मी पाव विकते. मिलोख्ना रोज सकाळी माझ्याकडून राय धान्याचा एक पाव घ्यायची, ताजा, मधे मऊ असलेला. आतला गर काढून थुंकी लावून मळायची आणि कोरलेल्या ठशावर दाबायची. ठशात जे उलटं आणि खोल, ते पावावर सुलटं आणि उठून यायचं. नाणं कसं दिसणार ते असं आधीच कळतं. मग समोर ठेवलेल्या नमुन्याशी पाव ताडून बघायचा आणि जुळला की ठसा झाला. वरचं कवच बापलेक खायचे. म्हणजे आमच्या ड्यूकांचं तोंड ड्यूकांच्याही आधी मी माझ्याच पावावर बघितलेलं आहे. सांगायला काय जातंय, मला त्याची घमेंड आहे.

तर थोरले ड्यूक घोड्यावरून पडून गेले, आणि मागे राहिले पाच वर्षांचे बाळराजे. कारभार बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या आईनं हातात घेतला. ते बाळराजांच्या काकासाहेबांना खपेना. त्यांचं म्हणणं, राज्य म्हणजे काय चूल आहे? इकडे टांकसाळीत हुकूम आला की यंदाच्या जत्रेला बाईसाहेबांचं पहिलं नाणं निघणार. गादीवर दोघं हवीत, पण मान बाळराजांचा, म्हणून बाळराजे आईच्या उजव्या हाताला. उजवी बाजू थोरामोठ्याची, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

हा हुकूम वाड्यातून पाद्री गावेलकडे आला. आधीचे म्हातारे पाद्री नमुना काढून द्यायचे, ते वारले होते. गावेल नवा, कोवळा, हुशार आणि आपली हुशारी कुणी बघत नाही म्हणून सदा हिरमुसलेला. त्यानं चामड्याच्या कागदावर चित्र आणि अक्षरं काढून वोयस्लावच्या हातात दिली. "बरोब्बर याच्यासारखं उतरवा, काका. एक केससुद्धा इकडचा तिकडे नको."

तीन आठवडे मिलोख्ना खिडकी सोडून उठली नाही. जत्रेच्या पाच दिवस आधी सकाळी तिनं मला हाक मारली. "सुलामावशी, ये गं जरा. तुझे डोळे चांगले आहेत." मी पिठाच्या हातानं धावले. एका बाजूला गावेलचा नमुना, दुसऱ्या बाजूला पाव. मी देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला! पावावर बाईसाहेबांच्या ओढणीच्या चुण्या दिसत होत्या. बाळराजांचे पाय गादीवरून लोंबत होते, जमिनीला टेकत नव्हते.

"पाय का गं असे?" मी विचारलं.

"पाचच वर्षांचे आहेत ना ते. टेकतील कसे?"

"नमुन्यात तर टेकवलेत."

"पाद्रीबाबांना पोर नाही," ती म्हणाली आणि हसली. वर्षातून दोनदा हसायची, त्यातलं एक तेव्हा खर्चलं.

तेवढे पाय सोडले तर पाव आणि नमुना तंतोतंत जुळत होते. अक्षर न् अक्षर मी बोट ठेवून बघितलं. बापानं ठशावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा आहे." ती मान खाली घालून टोचण्या पुसत राहिली, पण कानापर्यंत लाल झाली. मग वोयस्लाव ठसा घेऊन टांकसाळीत गेला, गावेल आपला कागद घेऊन गेला आणि त्यानं तो खरवडून दुसऱ्या कामाला लावला. चामडं काय फुकट येतं?

जत्रेचा दिवस उजाडला! हंस भाजल्याचा वास, नव्या बिअरची पिंपं, खारवलेल्या हेरिंग माशांच्या राशी, आणि टांकसाळीसमोर ही रांग. नवी नाणी हातोहात फिरायला लागली. माझ्या फळीवर पहिलं नाणं पडलं तेव्हा मी ते उचलून सूर्याकडे धरलं. बायाबापड्या म्हणत होत्या, "अगं, पाय बघ, पाय बघ कसे लोंबतायत!" माझी छाती अशी फुगली की जणू मीच कोरलं.

तेवढ्यात पाद्री गावेल पाव घ्यायला आला. मी नाणं त्याच्या नाकासमोर नाचवलं. "बघा पाद्रीबाबा, आमच्या गल्लीचं काम!"

त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं. मग त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "उलटं आहे," तो पुटपुटला. "सगळं उलटं आहे. अक्षरं मागून पुढे आहेत. आणि बाळराजे... बाळराजे डावीकडे गेले!"

"असं कसं? तुमच्या नमुन्यासारखंच आहे. मी स्वतः ताडलंय."

"अहो, पण नमुनाच मी उलटा काढून दिला होता!" तो रडकुंडीला आला. "ठसा उलटा कोरायचा असतो ना? म्हटलं, त्यांचा त्रास वाचवावा. आपणच उलटं करून द्यावं, म्हणजे त्यांनी नुसतं बघून बघून कोरायचं."

मी कपाळावर हात मारला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! त्यानं एकदा उलटवलं, तिनं नेहमीच्या शिरस्त्यानं पुन्हा उलटवलं आणि ते पावावर त्याच्या नमुन्यासारखं उठलं. तिला वाचता येत नाही, बापाला दिसत नाही, गेर्लाखनं नमुना पाहिलाच नव्हता. ज्यानं त्यानं दुसऱ्यावर सोडलेलं. आणि आता हजारो नाणी बाजारात फिरत होती, ज्यांवर बाईसाहेब थोरल्या जागी आणि खुद्द ड्यूक त्यांच्या डाव्या हाताला.

"मग ओरडा ना, सांगा कुणाला तरी!" मी म्हणाले. पण सांगायला तोवर दुसराच उभा राहिला होता. काकासाहेबांचा कारभारी द्रोगोश तराजूघराच्या पायऱ्यांवर चढून नाणं उंच धरून गरजत होता. "लोकहो, हे नाणं खोटं आहे! उजव्या मानाच्या जागी कोण बसलंय ते बघा! बाईनं पोराला खाली उतरवलं आणि गादी गिळली. खोटा ठसा कोरणाऱ्याची शिक्षा काय?"

शिक्षा सगळ्यांना ठाऊक होती. उजवा हात, मनगटापासून. तराजूघरापुढे त्यासाठी एक ओंडका कायम असतो. इतर दिवशी त्याच्यावर म्हाताऱ्या विसाव्याला बसतात.

वोयस्लावला धरून आणलं. न्यायाधीश तराजूघराच्या बाकावर बसले, म्हातारे, सांधेदुखीनं वैतागलेले, पण माणूस सरळ. गेर्लाख बाजूला उभा, घाम पुसत. मी पावाची टोपली डोक्यावर घेऊन गर्दीत घुसले. टोपली तिथं सोडली असती तर एक पाव उरला नसता.

"ठसा कुणी कोरला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी," वोयस्लाव म्हणाला. भुवई न हलवता. मग त्यानं आपला उजवा हात पुढे केला, चाचपत ओंडका शोधला आणि त्याच्यावर ठेवून दिला.

आणि तेवढ्यात मिलोख्ना आली. कामाचं चामडं कमरेला तसंच, केसांत पावाचा भुगा. बायकांना ढकलत आली आणि बापाचा हात ओंडक्यावरून काढून आपला ठेवला.

"मी कोरला. सहा वर्षं सगळे मीच कोरतेय. बाबांना दिसत नाही."

"पोरी, घरी जा," बाप ओरडला. "खोटं बोलतेय ती, महाराज!"

"बाबा, गप बसा. तुम्हाला सूर्य कुठे आहे ते तरी दिसतंय का?"

द्रोगोशला तर आयतं कोलीत मिळालं. "वा! म्हणजे टांकसाळीत बाईची कारागिरी? सगळीच नाणी खोटी! आणि ही थापा मारत असेल तर? बाईला कधी हे जमतं का?"

"जमतं का ते बघू," न्यायाधीश म्हणाले आणि शिशाची एक वडी मागवली.

मिलोख्ना ओंडक्यावरच बसली. ज्या ओंडक्यावर हात जायचा त्याच ओंडक्यावर! चामड्यातून टोचणी काढली, एकदा द्रोगोशच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि कोरायला लागली. हजार माणसं, पण टोचणीची करकर ऐकू येत होती. मी तिच्या मागून बघत होते, तिचा हात स्थिर. थोड्या वेळानं तिनं मागे न बघता हात पसरला. "मावशी, पाव."

मी पाव मोडून गर दिला. तिनं थुंकी लावून मळला, शिशावर दाबला आणि काढून न्यायाधीशांपुढे धरला. पावावर द्रोगोश! तेच फताडं नाक, तीच डाव्या भुवईवरची चामखीळ, तोंड ओरडायला उघडलेलं. असा हशा पिकला म्हणता! द्रोगोश भुवईवर हात धरून उभा राहिला.

"बरं," न्यायाधीश हसू दाबत म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ठसा तूच कोरलास. मग हातही तुझाच, पोरी."

हशा जागच्या जागी मेला. तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, की तिनं जितकं छान कोरलं तितकी ती जास्त अडकली. मी वळले. पाद्री गावेल एका पिंपाआड उभा होता. मी त्याची बाही धरली.

"चला."

"सुलाबाई, माझी नोकरी जाईल हो..."

"तिचा हात जाईल! नोकरी पुन्हा उगवते, हात उगवतो का? बोलताय की टोपली डोक्यात घालू?"

मी त्याला फरफटत पायऱ्यांशी आणला. आणि त्याला शाबासकी द्यायला हवी, एकदा तोंड उघडल्यावर त्यानं काही राखून ठेवलं नाही. नमुना उलटा दिला, कुणी सांगितलं नव्हतं, शहाणपणा आपलाच, हात घ्यायचा तर माझा घ्या, असं सगळं तो रडत रडत बोलून गेला. मग त्यानं नाणं हातात घेऊन पालथं केलं. "हे बघा महाराज, मागच्या बाजूनं सगळं नीट वाचता येतं. बाळराजांचं नाव, बाईसाहेबांचं नाव. बाळराजेही मागून उजवीकडेच आहेत."

"म्हणजे मागून लेक आणि पुढून आई!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "कारभार चाललाय तसंच की!"

पुन्हा हशा. पण द्रोगोश काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "चूक पाद्र्याची असो नाहीतर सैतानाची," तो म्हणाला, "नाणं काय सांगतंय ते बघा. लोक पुढून बघतात, मागून नाही. पुढून पोर डावीकडे आहे, म्हणजे खालच्या जागी. हे नाणं राजाचा अपमान आहे, आणि अपमान करणारा हात तोच आहे."

न्यायाधीश दाढी खाजवायला लागले. मला दिसत होतं, ते डळमळतायत. मिलोख्नानं हात पुन्हा ओंडक्यावर ठेवला होता. आणि मी, काय करावं ते सुचेना म्हणून, नाण्याकडे बघत राहिले. बाईसाहेब, त्यांचा मोकळा उजवा हात, डावीकडे लोंबत्या पायांचं पोर. मी पाच पोरं वाढवलीत. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं आणि मी बोंबलले, होय, बोंबललेच:

"अहो, पोर कुठे घेतात? पोर डाव्या कडेवर घेतात!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माघार कसली!

"महाराज, तुमच्या आईनं तुम्हाला कोणत्या कडेवर घेतलं होतं? उजवा हात मोकळा नको? चूल कशानं ढवळणार, दार कशानं लावणार, आणि पोरावर कुणी धावून आलं तर त्याच्या थोबाडीत कशानं देणार? इथे जत्रेत शंभर बाया पोरं घेऊन उभ्या आहेत. बघा की!"

न्यायाधीशांनी मान वळवली. द्रोगोशनं वळवली. सगळ्या बाजारानं वळवली. पायऱ्यांच्या उजवीकडे हेरिंगवाली, तिचं पोर डाव्या कडेवर. पिंपांपाशी कुंभारीण, डाव्या कडेवर. टांकसाळीच्या रांगेत एक, दोन, सात, अकरा, सगळी डाव्या कडेवर! एक बया तेवढी उजव्या कडेवर घेऊन उभी होती, तिनं सगळे बघतायत म्हटल्यावर घाईनं पोर डावीकडे घेतलं. आणि मग काय विचारता, बाया टाळ्या पिटायला लागल्या, कुणी नाणी वर उडवली, आणि "कडेवरचं नाणं! कडेवरचं नाणं!" असा एकच गलका झाला. मी रडत होते की हसत होते मला कळत नव्हतं.

न्यायाधीशांनी तराजू मागवला. दोन पारडी, एकात नाणी आणि एकात वजन. काटा मधोमध. "चांदी पुरी आहे," ते म्हणाले. "खोटं नाणं ते, ज्यात चांदी कमी. आई पोराला कुठे घेते यावर निकाल द्यायला मी काही दाई नाही. उचल तुझा हात, पोरी. ओंडका म्हाताऱ्यांना बसायला लागतो."

द्रोगोश घोड्यावर चढला, पण जाताना त्यानं हेरिंग विकत घेतले आणि पैसे त्याच नाण्यानं दिले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाईसाहेबांच्या कानावर हे सगळं गेलं. वाड्यातून गेर्लाखला एवढाच निरोप आला, की अक्षरं सुलटी करा, चित्राला हात लावू नका. पाद्री गावेलला नमुने काढायच्या कामातून काढलं आणि शाळेवर घातलं. तिथे तो पोरांना अक्षरं सुलटी काढायला शिकवतो. आणि टांकसाळीच्या पटावर ठसेकरी म्हणून नाव कुणाचं राहिलं? वोयस्लावचं! बाई उंबऱ्याच्या आत नाही म्हणजे नाही. दोन हिवाळ्यांनी म्हातारा वारला तरी पटावर तोच. सात वर्षांचं पोर राज्य करत होतं, मेलेला माणूस ठसे कोरत होता आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मी एकदा चिडून मिलोख्नाला म्हणाले, "तुझं नाव घाल म्हणून सांग ना त्या गेर्लाखला." ती म्हणाली, "घातलं तरी मला वाचता कुठे येणार आहे?"

बाळराजे चौदाचे झाले, मिसरूड फुटली, बाईसाहेब मठात गेल्या. तोवर दर जत्रेला कडेवरचंच चित्र निघायचं. आता नव्या नाण्यावर ड्यूक एकटे, हातात तलवार, पाय जमिनीला नीट टेकलेले. तेही मिलोख्नानंच कोरलं. त्या जत्रेला कडेवरची सगळी नाणी परत मागवली, वितळवायला. बाया कुरकुरत रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीनं एखादं तरी मागे ठेवलं असणार, कारण माझ्या नेफ्यात एक होतंच.

माझ्या पुढे मिलोख्ना उभी होती. तिनं पिशवी उलटी केली आणि सगळी नाणी फळीवर ओतली. मी तिला कोपरानं ढोसलं.

"अगं ए, एक तरी ठेव! तुझ्या हातचं ते. आठवण म्हणून."

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. वर्षातलं दुसरं हसू बहुतेक माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं.

"नाणं कशाला ठेवू, मावशी?" ती म्हणाली आणि उजव्या हाताची पाची बोटं माझ्या तोंडासमोर नाचवली. "हात ठेवला ना त्यांनी."

मग तिनं मला उद्याच्यासाठी पाव सांगितला, मधे मऊ असलेला.